नोंदीतले पाच अनोळखी

प्रिय आपा,

तीनदा फोन आपटलास, म्हणून हे पत्र. आता काय करशील, पत्र आपटशील? तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे हे तुला आयचुरोक वहिनीच वाचून दाखवणार. ती घरची सून. सासरच्या वडीलधाऱ्यांची नावं तिच्या तोंडून निघायची नाहीत. म्हणून ज्यावर ती अडखळेल असं एकही नाव मी इथे लिहिलेलं नाही. साठी आली तरी तुझी लेक रीत विसरलेली नाही, एवढं तरी मान्य कर. आणि तू पाठवलेले वाळल्या दह्याचे गोळे, कुरुत, पोचलं. नेहमीसारखंच खारट. दात शाबूत आहेत अजून, काळजी नको.

कचेरीत नुसता वैताग आहे. जुन्या टेपा, फोटो, कागद, सगळं संगणकात चढवायचं आणि त्यातल्या प्रत्येक माणसाला एक क्रमांक द्यायचा. मग क्रमांकाला क्रमांक जोडायचा: ही गाणारी, हे तिचं गाव, हा तिचा बाप. कल्पना वाईट नाही. एका टोकाला हात घातला की अख्खं खानदान हाती लागावं. पण हा माणूस आणि तो माणूस एकच, हे संगणकाला सांगणार कोण? आम्हीच. आणि आम्ही म्हणजे तीन बायका आणि एक हीटर. हीटर बिघडलेला.

गेल्या महिन्यात तुझी टेप माझ्या टेबलावर आली. शहरातली माणसं यंत्र घेऊन गावात आली होती, तेव्हा तू वीस वर्षांची नवी सून होतीस. आजीनं शिकवलेलं शोकगीत तू गायलीस, तिच्या थोरल्या मुलाचं. अडतीस साली सरकारच्या माणसांनी ज्यांना धरून नेलं आणि जे परत आलेच नाहीत, ते तुझे थोरले दीर. आजी आई होती, ती गाताना खुशाल त्यांचं नाव घ्यायची. तू घेणार कशी? मग जिथे जिथे नाव, तिथे तिथे तू काहीतरी दुसरं घातलंस. निळ्या घोड्याचे मालक. वरच्या घरचे. उंच दादा. हसऱ्या डोळ्यांचे. आमचे मिर्झा, म्हणजे सरदारसाहेब. इतक्या सफाईनं, की सुरात कुठे सांधा दिसत नाही.

आणि सत्त्याऐंशी साली त्या टेपेचं कार्ड कुणी लिहिलं? मी! नवी नोकरी, मोत्यासारखं अक्षर, डोक्यात भुसा. माझी स्वतःची आई गाते आहे आणि मी खाली लिहिलंय: ‘गीतात पाच पुरुषांचा उल्लेख, ओळख अज्ञात.’ ऐकू येईल तेच लिहायचं, असा नियम होता, तो मी पाळला. घरात त्या काकांचा विषयच कधी निघायचा नाही, तर मला सुचणार तरी काय? असे कुणी काका होते, हेच मला फार पुढे कळलं.

आता त्या पाचही जणांना पाच क्रमांक मिळालेत. ‘वरच्या घरचे’ एका ग्रामसभेच्या इमारतीला जोडले गेलेत, ‘उंच दादा’ एका डोंगराला, आणि ‘निळ्या घोड्याचे मालक’ म्हणजे म्हणे तलासचे कुणी बक्षीसवाले घोडेपाळ. आमचे साहेब, तुर्दुबेक अगाय, खुशीत, पाच नवी माणसं सापडली म्हणून. मी म्हटलं, “अगाय, पाच नाहीत, एकच आहे. आणि तो माझा काका आहे.” तर म्हणतात, “असेल बाई. गाणारीची सही आण. एकदा जोडलं की जगभर तसंच जातं, मग कुणाकुणाच्या मागे धावशील?” माणूस बरोबर बोलतो, म्हणून तर जास्त राग येतो.

दर गुरुवारी आमच्याकडे एक म्हातारी येते. सत्त्याऐंशी वर्षांची, हातात काठी, पिशवीत स्वतःची साखर. ती एक वर्षाची असताना तिच्या बापाला नेलं. तिच्याकडे बापाचं नाव आहे, गोळी घातल्याच्या तारखेचा कागद आहे. बाकी काही नाही. फोटो नाही, त्यांच्याबद्दल कुणी लिहिलेला एक शब्द नाही. आमच्या यादीतही तसंच, नाव आहे आणि पुढचे सगळे रकाने रिकामे. इकडे नाव आहे, माणूस नाही. तुझ्या टेपेत माणूस आहे, नाव नाही. साल एकच, गाव एकच. मधे एक रेघ ओढायची, एवढंच काम.

परवा मी तिच्या कानाला ती टेप लावली. डाव्या बाहीला लाल ठिगळ, ही ओळ आली आणि तिनं कानावरचं काढून ठेवलं. ते ठिगळ तिच्या आईनं लावलेलं, स्वतःच्या लग्नाच्या पोशाखातलं, घरात दुसरं कापड नव्हतं म्हणून; बापाबद्दल एवढं एकच आईनं तिला सांगितलं होतं. मी तिला धरून बसले. अगाय बाहेर आले, बघून म्हणाले, “रडण्याला रकाना नाही, बाई.” आणि स्वतः जाऊन तिच्यासाठी चहा घेऊन आले.

म्हणून तुला फोन केला. तू काय म्हणालीस? “शहरात राहून अक्कल वितळली का गं तुझी? सुनेनं थोरल्या दिरांचं नाव घ्यायचं?” बरं, नाव नको घेऊस, मी घेते, तू नुसतं हो म्हण. तर फोन आपटलास. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे रीतीमुळे नाही, दुसरंच काही आहे.

त्या म्हातारीनंच मला सांगितलं. एकाहत्तर साली ती आपल्या गावी आली होती, बापाचं घर शोधत. पिठाच्या हातांनी एका सुनेनं दार उघडलं, आत घेतलं, चहा दिला, आणि म्हणाली, “या घरात असं कुणी नव्हतं.” तेव्हा आमचे बाबा शाळेचे मुख्याध्यापक होते, धरून नेलेल्याचा भाऊ म्हणून नोकरी गेली असती, माहीत आहे मला. दोन दिवस मी तुझ्यावर इतकी चिडले होते, की बरं झालं आपल्यात चारशे किलोमीटर आहेत. पण ती चिडलेली नाही. ती म्हणते, “घाबरलेली बाई मला ओळखता येते, माझी आई तशीच होती.” ती हेही सांगते की बस सुटल्यावर तीच सून फडक्यात गरम पाव बांधून मागे धावत आली, आणि खिडकीतून गाठोडं आत टाकून गेली. त्या म्हातारीचं नाव मी या पत्रात लिहिलं नाही, ते का हे एव्हाना वहिनीलाही कळलं असेल. ती आपलीच आहे. माझी थोरली चुलत बहीण, तुझी पुतणी.

रविवारी मी तिला घेऊन येते आहे. कबूल कर, माफी माग, असलं काही ती म्हणत नाही आणि मीही म्हणणार नाही. सहीचा कागद माझ्या पर्समध्येच राहील, हवा तर माग. तू फक्त ते गाणं गा. आणि जिथे आजीच्या गाण्यात नाव होतं, तिथे काही घालू नकोस, थांब. ती मुलगी आहे त्यांची. नाव ती घेईल.

रागावलेली, पण तुझीच,
उमसुनाय