शेजारच्या दीर्घिकेची धूळ

प्रिय,

तू गेल्यापासून आई त्या चित्राच्या आधारानं उभ्या आहेत. तू मिलिमीटर लहरींत टिपलेला तो धूसर डाग त्यांनी फ्रेम करून बैठकीत लावलाय. येईल त्याला सांगतात, "हा लांबचा क्वेसार, म्हणजे दीर्घिकेचा झगझगीत गाभा, ही त्याची धूळ, हिच्यातून तारे होतात. माझ्या लेकीनं शोधलं." मलाही रोज विचारतात, "काय जावईबापू, आज किती तारे झाले?"

गेल्या आठवड्यात नव्या दुर्बिणीची निरीक्षणं आली. आपल्याला जिथे एकच डाग दिसत होता, तिथे दोन दीर्घिका निघाल्या. धूळ क्वेसारची नाही, शेजारणीची आहे. मी पुन्हा पुन्हा तपासलं. चूक माझी निघावी असं वाटत होतं. आपले सर म्हणाले, "शोधनिबंधावर पहिलं नाव तिचं आहे. दुरुस्ती छापायची का, तुम्हीच ठरवा." तुझ्या आकड्यांवर इतरांचं काम उभं राहतंय. तू असतीस तर त्याच दिवशी, स्वतःला हसत, पाठवली असतीस. म्हणून आज सकाळी पाठवली.

आईंना सांगायचं ठरवूनच घरी आलो, तर त्यांच्या मैत्रिणी जमलेल्या. "आलात? या, तुम्हीच नीट समजावा यांना," म्हणत त्यांनी मला चित्रापुढे उभं केलं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, "ही धूळ आहे. हिच्यातून तारे होतात." ते खरंच होतं. कुणाची धूळ, एवढंच गाळलं.

"बघा," आई त्यांना म्हणाल्या, "आमचे जावई कधी वाढवून सांगत नाहीत."

तुझा,
आईंपाशी थांबलेला