ट्रेलरसाठी अंगाई

३ जून, सोमवार

नारे म्हणते, आई, लोकांवर ओरडण्यापेक्षा वहीवर ओरड. म्हणून ही वही. शाळा चौथीत सुटली, चुका निघतील. निघू देत.

आज बरबँकला, हॉलिवूडच्या पलीकडे, नवी नोकरी धरली. सिनेमांचे ट्रेलर कापून देणारं ऑफिस. कॉफी, दुपारचं जेवण, झाडलोट, एवढंच काम. आणि नशीब बघा, सध्या कापतायत तो माझ्या नारेच्याच सिनेमाचा ट्रेलर! पोरीचं पहिलं काम. भुताचा सिनेमा आहे, असू दे. पिवळा स्वेटर घालून ती तळघराचं दार उघडते, पाच पायऱ्या उतरते, वळून वर बघते. सगळ्यांना सांगितलं, ही माझी लेक. ट्रेलर कापणारा ग्रेडी म्हणाला, नाक तुमच्यावरच गेलंय. त्याला माझं नाव, वार्दुही, म्हणता येत नाही, मिसेस व्ही म्हणतो. मी त्याला लांबोड्या म्हणते. फिटंफाट.

४ जून

द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात नेला होता. ग्रेडीने डबा चाटूनपुसून दिला आणि मला सोफ्यावर बसवलं. रोज भीती ऐकून त्याचे कान म्हणे किटलेत. चित्र तेच ठेवायचं, संगीत बदलायचं, आणि ज्याने माझ्या हातावर काटा येईल ते घ्यायचं. व्हायोलिनचा वॉल्ट्झ लावला, जोडीजोडीने गिरक्या घेत नाचतात तो, तर नारे लोणच्याची बरणी आणायला निघाल्यासारखी वाटली. ढोल लावले, तर लढाईला. मी खो खो हसले. तो चिडला, हात आहेत की लाकडं? मी म्हटलं, सासूबरोबर वीस वर्षं काढली रे, तुझ्या ढोलांना काय भिऊ!

मग त्याने धंद्यातली एक गोष्ट सांगितली. भीती संगीतात नसते, ते थांबतं तिथे असते. वाजतंय तोवर माणूस सुखरूप. थांबलं की झडप.

६ जून

टेबल पुसताना नारेची अंगाई गुणगुणत होते, माझ्या आजीची, आर्मेनियातल्या ग्युमरीकडची. ग्रेडीने हातातलं फडकं काढून घेतलं आणि मला मायक्रोफोनपुढे उभं केलं. मग माझा आवाज संथ केला, विहिरीच्या तळातून यावा तसा, आणि चित्रावर लावला.

काटा आला. ग्रेडी खुर्चीवर चढून नाचला.

पण या वेळी नारेने वळून वर बघितलं नाही. ती खाली बघत होती. मी सांगितलं. तो म्हणाला, चित्राला कुणी बोट लावलेलं नाही, चष्मा बदला.

७ जून

नारेच्या केसांना ओल्या मातीचा वास येतोय. जेवता जेवता विचारते, आई, तळघराची किल्ली कुठे ठेवलीस? आमच्या ग्लेंडेलच्या घराला तळघर नाही. गल्लीत कुणाच्याच नाही. मी डाफरले, नाटकं घरात नकोत. एरवी उलटून बोलली असती. आज ताट तसंच सारून उठली.

१० जून

ग्रेडीच्या मानगुटीवर बसून वॉल्ट्झ पुन्हा लावायला लावला. नारे वळली, वर बघितलं, अगदी पहिल्यासारखं. लगेच तिचा फोन. भूक लागलीय, घरात काय आहे? गेल्या आठवड्यापासून पोरीने नीट घास घेतला नव्हता.

मग त्याने अंगाई लावली. सहावी पायरी.

पाचच होत्या.

हात जोडले, वॉल्ट्झच ठेव. तो हसला. सिनेमा विकायचाय मिसेस व्ही, लोणचं नाही. स्टुडिओवाल्यांना अंगाईच पसंत पडलीय.

१२ जून

दिवसभर तेच लावतायत. दर वेळी आणखी एक पायरी खाली. आता नुसता पिवळा ठिपका. ग्रेडीला पाचच दिसतात.

घरी आले तर नारे स्वयंपाकघरात भिंतीला कान लावून बसलेली. म्हणाली, शू, गाणं ऐकू दे. कोण गातंय विचारलं. म्हणाली, तूच की.

१३ जून

ग्रेडीच्या यंत्रावर कॉफीचं आख्खं भांडं ओतलं. हाकललं मला. दारापर्यंत मागे आला, रागापेक्षा कीवच जास्त. म्हणाला, अहो, तो ट्रेलर केव्हाच गेला सगळीकडे. उद्या पहिल्या खेळापासून, गावोगाव, प्रत्येक पडद्यावर.

प्रत्येक पडद्यावर — म्हणजे किती पायऱ्या —

१४ जून

फ्रिजशेजारी दार आहे. काल भिंत होती.

नारे घरात नाही.

पायऱ्या. खाली काळोख, आणि माझा आवाज. संथ.

हाक मारली. खालून उत्तर आलं, आले गं आई — पण पावलं खालीच जातायत. त्या आवाजाकडे. तिला वाटतंय, मी तिथे —

दुपारी

उंबऱ्यावर बसलेय. मीही गातेय. खऱ्या चालीत, पाळणा हलवताना गायचे तशी, भरभर. हात लिहिता ठेवलाय, नाहीतर पाय उतरायला बघतात —

पावलं थांबली.

वळली. वर येतायत.

पिवळं दिसतंय. ये, नारे जान. वर बघ. माझ्याकडे —

पाचवी पायरी. डावा हात पुढे केलाय. बोटं लागली. किती गार —

खालचं गाणं थांबलं —