हलगर्जी माणसाची गाडी

सोलापूर,
२० ऑगस्ट २०२४

चि. अजिनाथ यास,

अनेक आशीर्वाद. ते आधी घेऊन ठेव, कारण पुढे सगळी कटकटच आहे.

तुझ्या कानांमुळे मी फोनवर ओरडते, तुला काही कळत नाही आणि गल्लीला सगळं कळतं. म्हणून पत्रच बरं. पोस्टाच्या खिडकीमागे जन्म काढलेल्या बाईला तेवढं यायला हवं.

गाडीत पुन्हा पाणी. तुझ्या दाजींनी निवृत्तीनंतर खपून जुन्या टेम्पोचं फिरतं घर केलं. पलंग, ओटा, बेसिन, पलंगाखाली पाण्याची टाकी, एकेक फळी स्वतः मापून कापलेली. त्या गाडीत काल पाय ठेवला तर चपला पचपचल्या. खालचं प्लायवूड पापडासारखं फुगलंय. गादी उलटली तर पाठीला काळी बुरशी.

सोमलिंग गॅरेजवाल्याने छताच्या फटी बुजवल्या, मग खिडकीचं रबर बदललं, मग पंपाच्या पाइपला नवी क्लिप लावली. दर वेळी छाती ठोकून सांगतो, की आता थेंब आला तर माझं नाव बदला मॅडम. मी म्हटलं, बदलून बदलून नावं संपली माझ्याकडची. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अर्धवट कामाची वही सगळ्या वर्गाला उंच धरून दाखवत. ही गाडी मी कुठे उंच धरू?

मला घाई आहे रे. यांचं विसरणं वाढत चाललंय. डॉक्टर म्हणाले, आबासाहेबांना कुठे न्यायचं असेल तर दिवाळीच्या आत न्या, पुढे ओळखीचं काही उरेलच असं नाही. हॉटेलात नेऊन पाहिलं, तर न्हाणीघर सापडेना म्हणून खोलीभर रडत फिरले. पण या गाडीत डोळे मिटूनही त्यांचा हात बरोबर दिव्याच्या बटणावर जातो. पाटबंधारे खात्यात आयुष्यभर अडवलेलं पाणी मोजलं, एकदा न अडवलेलं बघायचं, मुरूडला समुद्रासमोर गाडी उभी करून चहा करायचा, एवढ्यासाठी तर हा खटाटोप. कालव्याचं दार बोटभर उघडं राहिलं तरी समोरच्याला हलगर्जी माणूस म्हणून सोलून काढणारे हे, आणि त्यांच्याच गाडीत ओल!

तू गाडी चालवायला येणार आहेस ना? एसटी चालवायचास तशी चालवू नकोस म्हणजे झालं.

माया आहे तेवढी ठेव. वाढवलीस तर तक्रार नाही.

तुझी अक्का,
मथुरा


करमाळा,
२९ ऑगस्ट २०२४

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. शिव्या मोजून घेतल्या, एकपण कमी न्हाय. तुझी भावजय केराबाई म्हणती, वन्संचं पत्र वाचायच्या आधी तांब्याभर पाणी जवळ ठेवावं लागतं.

अक्का, नुस्तं छत छत काय करतीस? पाणी वरनं येतंय का आतनं, ते आधी बघ की. टाकीत मूठभर हळद टाक आणि पलंगाखाली, बेसिनखाली पांढरी फडकी अंथर. जितं पिवळं होईल तितं भोक. ही अक्कल माझी न्हाय, केराबाईची. रांजण पाझरायला लागला की ती असंच करती.

माझी तयारी झाली हाय. खाकी शर्टाला इस्त्री केलीय, शेंगाचटणी कुटून डब्यात भरलीय. दाजींना सांग, ड्रायव्हरशेजारची जागा त्यांची. तू मागं बस आणि काय बोलायचं ते तितनं बोल. मला ऐकू येत न्हाय, लई सोयीचं झालं.

धाकट्यावर राग धर, पण सैल धर.

तुझा,
अजिनाथ


सोलापूर,
२ ऑक्टोबर २०२४

चि. अजिनाथ यास,

आशीर्वाद. केराबाईला दोन जास्त.

हळद टाकली. गाडी जागची हलली नव्हती, पावसाचा टिपूस नव्हता, आणि नळाच्या दिवशी पलंगाखालची सगळी फडकी पिवळी. सोमलिंगवर तोंड सोडायला फोन उचलला, तेवढ्यात हे जेवायला आत आले. पायजम्याचे दोन्ही पाय पिवळे.

इथे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, तुला ठाऊक आहे. त्या दिवशी आम्ही घरातला तांब्यासुद्धा रिकामा ठेवत नाही. मी स्वयंपाकघरात पिंप, हंडे, बादल्या यांत अडकलेली, अंगणात काय चाललंय कोण बघतो? पुढच्या नळाला मुद्दाम दाराआड उभी राहिले. हे पाइप ओढत गेले, गाडीच्या बाहेरच्या तोंडात बसवला, आणि हात मागे बांधून उभे राहिले, कालव्यावर राहत तसे. टाकी मागच्याच नळाला भरलेली. गाडी कुठे जातच नाही, तर ती रिकामी कशी होणार? पाणी झाकणातून उसळून पलंगाखाली, तिथून फळ्यांखाली. मी ओरडले. ते म्हणाले, पाणी आलंय, भरायला नको का? भरून ठेवलंय हे त्यांच्या लक्षात राहत नाही रे. भरायचं असतं, एवढंच राहिलंय.

टाकीच्या तोंडाला कुलूप लावलं. तर पुढच्या नळाला पाइप हातात धरून तसेच उभे, पाणी रस्त्यावर, शेजारीण माझ्या नावाने बोंबलतेय, आणि चेहरा वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा. जेवले नाहीत. कुलूप काढलं. मग मी टाकीखालची तोटी उघडी ठेवायला लागले. ती त्यांनी शोधून बंद केली आणि हलगर्जीपणाबद्दल मला झापलं.

सोमलिंगची माफी मागायला गेले. तो येऊन फळी उचलून दाखवायला लागला. खालच्या लोखंडी चौकटीचे गंजून पापुद्रे सुटलेत. म्हणाला, सगळं काढून नवं करायला लागतंय मॅडम, दिवाळीच्या आत होत नाही, आणि असंच भिजत राहिलं तर कधीच होत नाही. या वेळी नाव बदलायची भाषा त्याने केली नाही. तीच मला ऐकायची होती.

माझ्यावरचा जीव पातळ होऊ देऊ नकोस. इथे सगळंच झिरपतंय.

तुझी,
अक्का


करमाळा,
१० ऑक्टोबर २०२४

ती. अक्कास नमस्कार.

ह्या खेपेला थट्टा सुचंना. केराबाईला पत्र वाचून दाखवलं, ती चुलीपुढनं उठलीच न्हाय.

तरी पण अक्का, दिवाळी अजून लांब हाय. शेजारच्या बिरुदेवची जीप घेऊन मी येतो. दाजींची गाडी न्हाय तर न्हाय, समुद्र तर तोच की. आणि दाजी जीपमदी बसलेच न्हाईत, तर त्यांच्या गाडीतच बसीव. अंगणातच. दार उघडं ठेव, चहा कर, तूबी शेजारी बस. निघालो असं वाटलं तरी बास.

तू हरलीस असं मी कुणाला सांगणार न्हाय. कुणाचा इश्वासबी बसायचा न्हाय.

पाठीवरचा हात काढू नको.

तुझा,
अजिनाथ


सोलापूर,
२८ नोव्हेंबर २०२४

चि. अजिनाथ यास,

आशीर्वाद.

तू जीप घेऊन आलास आणि तसाच परत गेलास, ते डोळ्यांपुढून जात नाही. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंतसुद्धा बसले नाहीत. उतरून घराकडे धावले तेव्हा तू त्यांच्यामागे अनवाणी पळालास, ते मी पाहिलं. तुझी चप्पल इथेच आहे. चटणीही आहे.

मग डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी मुरूडचं विचारलंही नाही. मीही काढलं नाही. परवा यांनी मला विचारलं, की तुम्ही आमच्या खात्यातल्या का. मी म्हटलं, नाही, पोस्टातली. बरं म्हणाले.

आज तुझं ऐकलं. दुपारी त्यांना हाताला धरून गाडीत नेलं. ओट्यावर चहा केला, दार उघडं ठेवलं. समोर आमची पडवी आणि शेजारणीची वाळत घातलेली चादर. पलंगावर शेजारी बसलो तर पावलांना खालून गार पाणी लागलं. मला वाटलं, निदान आता तरी समुद्राचं काही निघेल. सोलापूरभर शोधूनही माझ्याइतकी मूर्ख बाई आज सापडली नसती.

त्यांनी वाकून फुगलेल्या फळीवर बोट फिरवलं. कोपरा दाबून पाहिला. फळीचा भुगा बोटांना लागला, तो मला दाखवला. मग अगदी जुन्या आवाजात विचारलं, ही गाडी कुणाची. ते म्हणाले, काम चांगलं केलंय कुणीतरी, पण मालक हलगर्जी दिसतो, इतक्या चांगल्या लाकडाची माती केली.

तुझी अक्का गप्प बसली, लिहून ठेव. मग म्हटलं, हो, फार हलगर्जी.

त्या मालकाला भेटून चार शब्द सुनवा, असं त्यांनी मला बजावलं. तेवढ्यात अंगणातल्या नळाने हवा सोडली, पाणी आलं. चहा तसाच ठेवून ते लगबगीने उठले आणि पाइप आणायला गेले. मी टाकीखालची तोटी उघडली नाही. पलंगावर पाय वर घेऊन बसले आणि त्यांचं भरून होईपर्यंत थांबले.

चप्पल न्यायला म्हणून तरी ये. पत्राला उशीर झाला तरी चालेल, आता इथून कुठे निघायचं नाही.

तुझी अक्का,
मथुरा