ड्रम उन्हात ठेवायचा राहिला

प्रताप नगर, नागपूर
११ एप्रिल १९८७

गोपिकामामींना,

इथूनच तुमच्या पायांना हात लावते. गुडघा कसा आहे? एरंडाचं पान बांधता की नुसतंच सांगता? (सुमती, पत्र तूच वाचून दाखवणार, म्हणून आधीच सांगते. कंसातलं गाळायचं नाही. मामींना रडू आलं तर थांब. तुला आलं तर मात्र थांबू नकोस.)

रुपरावमामांना जाऊन दोन महिने होत आले. धंतोलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हात हलवून दाखवा म्हटलं, तेव्हा मामांनी पलंगाच्या लोखंडी दांडीवर दोन बोटांनी ठेका धरला होता. डॉक्टरांनी कागदावर 'हालचाल समाधानकारक' असं लिहिलं. मलाही ती समाधानकारकच वाटली होती.

मामांनी वाजवलेली लग्नाच्या गाण्यांची कॅसेट कधी निघते, असं तुम्ही विचारलं होतं. तेच सांगायला बसले आहे, पण मध्ये माझी एक चूक आडवी येते. घरातली मी पहिली ग्रॅज्युएट, त्यामुळे सगळ्यांना वाटतं हिला सगळं कळतं. मलाही वाटायचं.

डिसेंबरात मामा साइड ड्रम घेऊन आमच्या स्टुडिओत आले. (स्टुडिओ म्हणजे मनोहररावांच्या घरामागची मोटारीची शेड. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आहेत आणि गाणं रंगात आलं की शेजारची म्हैस हंबरते. तिथे मी टेप लावण्या-काढण्याचं काम करते.) तुम्हालाही यायचं होतं. तुम्ही विचारलंत आणि मामा नेहमीसारखे "पाहू" म्हणाले. तुम्हीच म्हणायच्या, "पंचवीस वर्षं झाली वं पोरी, या माणसाच्या तोंडून हां म्हणून निघालं नाही. घरावरचे कवेलू बदलायचे? पाहू. नागपूरले नेता? पाहू." तर ते पाहत राहिले आणि एकटेच आले.

तुम्ही असता तर ड्रम सकाळीच उन्हात गेला असता. मामांनी मला सांगितलं होतं, "पोरी, याले जरा ऊन दाखव वं, थंडीनं ढिला पडून राहिला. तुही मामी अर्धा घंटा ठेवते." पण उष्णतेने कातडं तडकतं, असं मी पुस्तकात वाचलं होतं. मी ड्रम सावलीत ठेवला, आणि काळजी म्हणून त्यावर ओलं फडकंही घातलं. (सुमती, हे नीट वाच. ओलं फडकं.) मामांनी वाजवायला घेतला तर पोत्यावर काठी मारल्यासारखा आवाज. ते फडक्याकडे बघून हसले. सहाही गाणी त्यांनी तशीच वाजवली. शेवटच्या गाण्याच्या शेवटाला, तळहाताने घासून घासून, कातडं एकदा जागेवर आलं. एकच ठोका असा पडला, कडक, भरलेला, की शेडमधली माणसं मान वर करून बघायला लागली.

मार्चात मनोहररावांनी मुंबईहून एक पेटी आणली. ती पेटी सेकंदभराचा आवाज लक्षात ठेवते. टेपवर ड्रमचा ठोका आला की तो ती दाबते आणि त्या जागी आपला ठोका वाजवते. तिच्यात कुठल्यातरी परदेशी ड्रमचा ठोका भरून आला होता. मनोहरराव म्हणाले, "तुझ्या मामाचा हात सोन्यासारखा, पण आवाज ओला आहे. हा कडक ठोका टाकून देऊ." मला ते सहन होईना. पेटीत मामांचाच तो शेवटचा ठोका भरला तर सगळीकडे तेच वाजतील, असं मला वाटलं. काल मनोहरराव जेवायला गेले आणि मी तो भरून ठेवला.

दुपारी ते गायकाला घेऊन ऐकायला बसले. मी बटण दाबलं. पहिला ठोका पडला, आणि मागोमाग मामांचा आवाज: "हां." दुसरा ठोका, "हां." तो ठोका आवडल्यावर मामा स्वतःशीच तसं म्हणाले होते. टेपवर ते इतकं हळू होतं की माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पेटीने ते दहापट मोठं केलं. नवरी मांडवात येते, हां. मामा तिला धरून आणतो, हां. आई डोळे पुसते, हां हां. मध्ये मामा एकदा खोकले होते. पेटीला तोही ठोकाच वाटला, आणि खोकल्यावरसुद्धा हां. एका गाण्यात दोनशे बारा वेळा.

मनोहरराव म्हणाले, "काहून वं, तुझा मामा वाजवून राहिला का हजेरी देऊन राहिला?" गायक हसला. मीही हसले. मग मनोहररावांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला, आणि गाणं संपेपर्यंत बंद कर म्हणाले नाहीत.

पण असं गाणं विकता येत नाही. पुढच्या रविवारपर्यंत त्याच ड्रमचा स्वच्छ ठोका आण, नाहीतर परदेशी टाकतो, असं ते म्हणाले. टेप महाग असते, त्यामुळे मामांची टेप नंतर पुसून तिच्यावर तेलाची जाहिरात भरणार आहेत. मी ठीक आहे म्हटलं आणि घरी येऊन शांत झोपले.

मारोतरावांना माझा नमस्कार सांगा.

तुमची,
उत्तरा

ता. क. शांत झोपले हे खोटं आहे.

ता. क. २. मामांच्या बँडचे मारोतराव शुक्रवारी ड्रम न्यायला येणार, असं तुम्ही कळवलं होतं. त्यांना नमस्कारच सांगा, ड्रम देऊ नका. तो घेऊन तुम्ही इकडे या. ठोक्यांच्या जागा मामांच्याच राहतील, त्या पेटीला बदलता येत नाहीत. फक्त आवाज हवा आहे. एप्रिलचं ऊन आहेच. अर्धा घंटा तुम्ही तापवा आणि एकदा तुम्हीच काठी मारा. मी ड्रमला हात लावणार नाही.

ता. क. ३. सोबत एक कॅसेट पाठवते आहे, हजेरीवालं गाणं आहे. सुमती, ती लाव आणि तू बाहेर जा. मामी, नागपूरला जाऊ का, म्हणून त्यांनाच विचारा.