नातीची आजी सापडली

प्रिय आजीबाई,
प्रभूमध्ये सलाम.

नातेवाईक सापडेपर्यंत सांभाळायला म्हणून संस्थेनं तुमची नात आमच्याकडे दिली होती. अकरा महिने मी रोज प्रार्थना केली, की कुणीच सापडू नये. हे तुम्हाला सांगायचं धाडस नाही, म्हणून हे पत्र पोस्टात टाकणार नाही.

काल तुम्ही दारात आलात, तेव्हा मी नवऱ्याला आत नेऊन म्हटलं, "देवानंच दिली ना आपल्याला?"

"सांभाळायला दिली," तो म्हणाला आणि तिचे कपडे पिशवीत भरू लागला.

"झोपवता कशी हो हिला?" तुम्ही विचारलंत. मी पाठीवर थोपटून दाखवलं.

देव पुरवतो, असं मी सगळ्यांना सांगत आले. आज पहिल्यांदा म्हणाले, "प्रभू, माझ्यावाचूनही तिला सगळं पुरव." मग पोटभर रडले आणि आढ्याला बांधलेला रिकामा पाळणा सोडला.

तुमच्या नातीला थोडे दिवस सांभाळलेली,
एक बहीण