दुखायला ठेवलेला गुडघा

२ फेब्रुवारी, रविवार

आज डावा गुडघा दुखवला. मागच्या आठवड्यात उजवा होता! लक्षात ठेवायला हवं. स्काउटच्या पोरांतल्या लंबूचं लक्ष असतं.

खालच्या हॉलमध्ये दर रविवारी स्काउटचं पथक भरतं. खाकी शर्ट, गळ्यात स्कार्फ, कमरेला दोरी. त्यांचा एक नियम — रोज एक सत्कृत्य करायचं आणि रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. नियम चांगला आहे. पण सत्कृत्य करायचं कुणावर? मदत करून घ्यायला इथे वेळ आहे कुणाला! पहिल्या मजल्यावरच्या दंतवैद्यानं पोरांना दारातूनच पिटाळलं. दुकानदार म्हणाला, "पिशवीला हात लावू नका, अंडी आहेत." कोपऱ्यावरच्या बाईंनी तर "आधी आपल्या आईला मदत करा" म्हणून असं झापलं, की फुंकणीच्या तोंडातली शिटी आपोआप वाजली. फुंकणी म्हणजे त्यांच्यातली एका संघाची नायिका. शिटी तोंडातून काढत नाही. जेवतानाही काढत नसावी.

रविवारी एकेक जण उभं राहायचं आणि "काही नाही, ताई" म्हणून खाली बसायचं. ती पडलेली तोंडं मी एका रविवारी हॉलच्या दारातून पाहिली आणि जीव तुटला. पुढे झालो नि म्हणालो, "बाळांनो, गुडघा धरलाय रे. वर सोडता का जरा?"

चौघांनी मिळून दोन मजले चढवलं. मध्ये दोनदा पाणी पाजलं. तेव्हापासून हे चालू आहे.

४ फेब्रुवारी

चष्मा हरवला. म्हणजे फ्रिजवर ठेवला — लवकर सापडेल असा. लंबूनं शोधला. हा पोरगा एवढा उंच, की गरज नसली तरी दारातून वाकूनच येतो. एरवी तोंडातून शब्द फुटत नाही. आज चष्मा हातात दिला आणि विचारलं, "आजोबा, उद्या काय हरवणार आहे?"

चष्मा पुसता पुसता त्याच्याकडे चोरून पाहिलं. चेहरा मात्र साधा होता त्याचा. सहज विचारलं असेल. असेलच.

६ फेब्रुवारी

शर्टाचं बटण तुटलं. (तोडलं.) फुंकणीनं अंगावरच शिवून दिलं. फार मन लावून शिवलं — शर्टासकट बनियनही शिवला. संध्याकाळी दोन्ही एकदमच काढले. काढताना डोकं अडकलं तेव्हा मात्र खरोखरच मदतीची गरज होती, पण तोवर पोरं घरी गेली होती.

९ फेब्रुवारी, रविवार

अंगाशी आलं!

सकाळी पोरं मला जिना उतरवत होती. फोन फुंकणीकडे दिलेला, मला ओझं नको म्हणून. नेमका लेकीचा फोन. फुंकणीनं उचलला. आयुष्यात पहिल्यांदा शिटी बाजूला काढून बोलली —

"आजोबा ना? जिन्यात बसलेत. दमलेत. नाही, आता उतरता येत नाही त्यांना. बटणं मी लावते. चष्मा कुठे ठेवतात ते आठवत नाही. रस्ता लंबू ओलांडून देतो. पण तुम्ही काळजी करू नका हं मावशी, आम्ही पाळ्या लावल्यात!"

फोन माझ्या हातात येईपर्यंत लेक रडायला लागलेली.

"बाबा, मला एका शब्दानं बोलला नाहीत!"

"अगं, काही झालेलं नाही मला."

"सगळे असंच म्हणतात!"

बुधवारी येतेय. न्यायला. खोल्या भाड्यानं देऊन टाकू म्हणाली.

फोन ठेवला तर फुंकणी विचारते, "नीट सांगितलं ना मी?" म्हटलं, फार नीट सांगितलंस.

१० फेब्रुवारी

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं शिक्षण छापखान्यात, शिशाचे खिळे जुळवता जुळवता, उलटी अक्षरं वाचून. या दोन खोल्या त्याच कमाईच्या. स्वयंपाकघरातलं फडताळ बायकोनं जाण्याआधी लावलं तसंच आहे. चहाची पूड कुठे, साखर कुठे ते डोळे मिटून सापडतं. लेकीचं घर मोठं आहे, लिफ्ट आहे, सगळ्या कामांना बाई आहे. तिथे मला काही म्हणजे काही करावं लागणार नाही. त्याचीच धडकी भरलीय.

संध्याकाळी पथकाच्या ताईला सगळं खरं सांगितलं. ही दिवसा लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते, त्यामुळे खोटं दुखणं तिला लगेच कळतं असा माझा समज होता. कळलेलं नव्हतं. चांगलीच कावली.

"आजोबा, मुलांना खोटं दुखणं विकता?"

"विकत नाही गं, फुकट देतो."

हसू आलं तिला, पण दाबलं. मग पोरांना बोलावून हुकूम सोडला — लेक परत जाईपर्यंत आजोबांना कुणीही हात लावायचा नाही. त्यांचं त्यांना जमतं, हे लेकीला दिसू दे.

फुंकणी म्हणाली, "मग आमच्या सत्कृत्याचं काय?"

"मदत न करणं, हेच या आठवड्याचं सत्कृत्य."

पोरांना हे अजिबात पटलं नाही. तोंडं बघण्यासारखी होती.

१२ फेब्रुवारी, बुधवार

लेक आली. दारातच माझ्या गुडघ्यांकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे. मी छाती काढून म्हणालो, "बस तू. बाजार मी एकटा करून येतो."

गेलो. जोशात येऊन जरा जास्तच बटाटे घेतले. खाली जिन्याशी पिशवी टेकवली, चपलेचा अंगठा नीट केला, मान वर करतो तर पिशवी गायब! इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. चोर बटाटे नेतो का कुठे? शेवटी रिकाम्या हातानं वर आलो.

"सामान कुठाय?" लेक.

"आणलं की."

"कुठाय?"

आणि तिच्या मागे, स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, माझी पिशवी हळूहळू वर चढताना दिसली. दोरीला बांधलेली. गाठ पक्की, अगदी शिकवल्यासारखी! मी डोळ्यांनी 'जा, जा' म्हणून खुणा करायला लागलो. लेकीला वाटलं मला झटका आला. तिनं वळून पाहिलं. गच्चीवरून शिटी वाजली — थांबा! — आणि पिशवी नेमकी खिडकीसमोर थांबली. स्वतःभोवती गोल गोल फिरत.

वरून लंबूचा आवाज आला, "मावशी, आम्ही मदत करत नाही आहोत!"

मला वाटलं हसेल. कसली हसते! गाठ सुटेना म्हणून दोरी कात्रीनं कापली आणि खुर्चीत बसून डोळ्यांना पदर लावला.

"परकी पोरं एवढी धडपडतात, म्हणजे तुमची काय दशा झाली असेल बाबा!"

सोमवारची दोन तिकिटं काढली. तिचं आणि माझं.

१४ फेब्रुवारी

लेकीनं फडताळ रिकामं करायला घेतलं. चहाची पूड सापडत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

पोरांचे आभार मानायचे म्हणून लेक माझ्याबरोबर खाली आली. वाटेल तितकं सांगितलं होतं की मी ठणठणीत आहे, नाटक होतं सगळं. तिचं उत्तर एकच — "बरं बाबा." लहान मुलाला म्हणतात तसं.

हॉलमध्ये सत्कृत्यं सांगणं सुरू होतं.

एक जण उठला. "मंगळवारी आजोबा जिन्यात दिसले. मी मदत केली नाही."

दुसरी उठली. "आजोबांचा चष्मा दारातून फ्रिजवर दिसला. मी सांगितलं नाही."

फुंकणी म्हणाली, "मी बुधवारी दोरी ओढली. पण मनातून मदत केली नाही."

ताईनं तोंडावर रुमाल धरला.

शेवटी लंबू उठला. स्कार्फ सरळ केला. मग म्हणाला, "आजोबांचा गुडघा दुखत नाही. पहिल्या दिवसापासून मला माहीत आहे. आम्हाला वाटेला लावून ते दोन-दोन पायऱ्या चढतात. पण ते मला काम देतात. घरी कुणी देत नाही. सगळे म्हणतात, तू सांडशील, तू फोडशील. आजोबांचा चहा मी दोनदा सांडला. ते म्हणाले, अजून एक कर."

एवढं सगळं एका दमात! बसताना स्टूल पाडलं.

लेक माझ्याकडे बघतेय, मी छताकडे.

"बाबा! म्हणजे खरंच नाटक?"

बोलण्यात अर्थ नव्हता. धोतर खोचलं आणि सगळ्यांसमोर उठाबशा काढायला लागलो. पोरं मोठ्यानं मोजायला लागली. माझं आटोपलं तरी त्यांचं मोजणं थांबेना, म्हणून अब्रूसाठी आणखी काढाव्या लागल्या. शेवटी लेकीनंच हाताला धरून थांबवलं. रडत होती की हसत होती, देव जाणे. दोन्ही असावं.

वर आल्यावर तिनं माझं तिकीट रद्द केलं. म्हणाली, "राहा बाबा इथेच. तुमच्याशिवाय या पोरांचं अडेल." फडताळ पूर्वीसारखं लावून दिलं. चुकीचं लावलं, पण मी काही बोललो नाही. जिंकलो होतो! गुडघे मात्र आता खरेच ठणकतायत. कुणाला सांगायची सोय नाही.

१७ फेब्रुवारी

लेक निघाली. चप्पल घालता घालता थांबली. "बाबा, तुमचा नातू होस्टेलला, हे बोटीवर. संध्याकाळी घर खायला उठतं हो. एक कप चहा करते, तोही गार होतो."

खरंच एकटी पडलीय, की मी यावं म्हणून हिनंही दुखणं काढलंय? माझीच पोर ती! नीट निरखून पाहिलं. कळलं नाही.

विचारलं नाही. बॅग भरतोय.