आप्पांचं नाक

३ सप्टें. ९८, न्हावरे
चित्र संपलं. लायब्ररीच्या पुस्तकातल्या जुन्या फ्रेंच चित्राची नक्कल. चौथऱ्यावर तत्त्ववेत्त्याचा दगडी अर्धपुतळा. त्याला हार घालणारी बाई म्हणजे सत्य, मशालवालं पोर म्हणजे ज्ञान. सगळं जमलं, नाक बिघडलं. कितीदा खोडलं, वडिलांचं, आप्पांचंच येतं. मी सासर सोडल्यापासून आप्पा बोलत नाहीत. दौंडला तर असतात, काय लांब आहे? राहू दिलं तसंच. भिंतीवर कुणीतरी हवंच होतं.

७ सप्टें.
घरमालकीण हिराक्का दूध घेऊन आल्या. चित्र बघून, "वडील का वो बाई?"
नाही, फ्रान्सचे कुणी विचारवंत.
"कवा गेले?"
दोनशे वर्षं झाली म्हटलं, तर माझ्या डोक्यावरून हात फिरवला. दुःखात बाई काहीबाही बोलतेय, असं वाटलं असणार. शाळेतून येते तर फ्रेमला झेंडूचा हार. काढवला नाही. खोलीत माणूस असल्यासारखं वाटलं.

१३ सप्टें., रवि.
पितृपंधरवडा. हिराक्कांनी माझ्या वतीनं पत्र्यावर खीर, वडे ठेवले. कावळा लगेच आला. "बघा, कशातच जीव अडकल्याला न्हाई त्येंचा."
ते ऐकून रडूच फुटलं. त्यांनी जवळ घेतलं. किती दिवसांनी कुणी... खुलासा राहिला. राहू दिला.

१७ सप्टें.
स्टाफरूममध्ये सगळे हळू आवाजात बोलतात. हेडसर म्हणाले, "रजा घ्या हवी तर." म्हणजे गावभर झालं. आणि हिराक्कांचा जावई दौंडच्या गाडीवर कंडक्टर आहे, हे आज कळतंय. आप्पांच्या कानावर गेलं तर उरलंसुरलंही तुटेल.

२० सप्टें., रवि., सर्वपित्री
दुपारी दार वाजलं. आप्पा. चपला न काढता भिंतीकडे बघत उभे.
"जित्तेपणी मारलंस व्हय गं मला?"
सगळं सांगितलं, नाक सोडून. हिराक्का दारात, तोंडाला पदर.
"हार काढ आधी."
काढला. चित्रातला तेवढा राहिला. "ही बाई कोण?"
सत्य, म्हटलं. हं म्हणाले. पुतळ्याजवळ जाऊन वाकून बघितलं. मग हात हळूच स्वतःच्या नाकाकडे गेला.
आता चपला काढून खाटेवर बसलेत. चहा ठेवलाय. शेवटच्या गाडीची वेळ होत आली, मी आठवण केली नाही. त्यांच्या पिशवीतून टॉवेलाचं टोक दिसतंय.